भोकाभोवतीची अक्षरं

सरोवराकाठच्या आमच्या गावात
माणसाला नाव देतात तेव्हा अख्खं वाक्यच देतात.
माझं नाव वर्कनेह. म्हणजे, तू सोनं आहेस.
या सोन्यानं उभा जन्म
बकऱ्यांची कातडी खरवडली.

आईनं देवाला बोलून ठेवलेलं पोर मी,
सातव्या वर्षी चर्चच्या पाठशाळेत गेलो.
मेंढीचं कातडं पांघरून
दारोदार इंजेराचे तुकडे मागायचे,
कुत्री अंगावर आली की काठी आपटायची,
आणि रात्री शेकोटीपाशी गीझची अक्षरं घोकायची.
बाकीच्या पोरांना ती सापडत.
मला ती पाणडुबीसारखी,
नीट बघायला गेलं की बुडी,
आणि वर यायची भलतीकडेच.

चौथ्या वर्षी मेरिगेता म्हणाले,
"देवानं तुला दुसऱ्याच कशासाठी तरी पाठवलंय."
कशासाठी, ते नाही म्हणाले.

तो 'कशासाठी' घेऊन मी घरी आलो,
चपलेत खडा घेऊन यावं तसा.

मामानं चंद्रकोरीच्या आकाराची सुरी हातात दिली.
कातडं भिजत घालायचं, चौकटीवर ताणायचं,
मांस एका बाजूनं, केस दुसऱ्या बाजूनं,
मग सच्छिद्र दगडानं घासत राहायचं
पलीकडचा हात दिसेपर्यंत.
त्यावर लिहिणार दुसरे.
वाचणार तिसरे.
धाकटा भाऊ डीकन झाला, पांढरी शाल, हातात छत्री.
सणाला मी सर्वांत मागं उभा राही.
वास येतो म्हणून बायका सरकायच्या,
त्यांचं तरी काय चुकलं?

एकदा बेटावरचा साधू लव्हाळ्याच्या होडीतून आला.
विचारलं त्याला.
म्हणाला, "ज्याचं त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं."
बाबा रे, स्वतःचं कपाळ दिसत नाही,
आणि दिसलं असतं तरी
मला कुठं वाचता येतं!

मग ते साल. पाऊस लांबलेलं.
आत अस्नाकेच तापानं फणफणत होती, माझी धाकटी,
बाहेर मठाच्या पोथीचं कातडं ताणलेलं,
आणि ती आतून "बा" म्हणाली
आणि सुरी सटकली.
अंगठ्याच्या नखाएवढं भोक.
दुसरं कातडं घ्यायला पैसे नव्हते.
गठ्ठ्याच्या मधोमध दडवून ते देऊन टाकलं.

तीन महिन्यांनी लेखनिक साहलूनं बोलावणं धाडलं.
लिंबानं हात धुतले, तीनदा.
वाटेवर थाप जुळवत गेलो:
बकरीलाच जखम होती, काटेरी कुंपणाची.
त्यानं काही विचारलंच नाही.
पान उघडून माझ्यापुढं सरकवलं.

काळी ओळ भोकापाशी येते, थांबते,
आणि पलीकडून पुन्हा सुरू होते.
एका शब्दाचं अर्धं अंग या तीरावर,
अर्धं त्या.
अक्षर कुठं चेपलेलं नाही,
घाई केलेली नाही.
आणि भोकाच्या कडेनं लाल शाईची बारीक रेघ,
देवाचं नाव लिहितात ना, त्याच शाईची.

"हे कशासाठी?" मी विचारलं.
साहलूनं टाक पुसला.
"बोरूला थोडी लाल उरली होती."

अस्नाकेच त्या तापातून उठली नव्हती.
साहलूला ते ठाऊक नव्हतं.
मी त्या रेघेवरून बोट फिरवलं,
एकदा, आणि पुन्हा एकदा.
अख्ख्या पोथीतलं तेवढं एक अक्षर
पळालं नाही.
मला ते वाचता आलं.

देवानं कशासाठी पाठवलं
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही,
आणि हल्ली मीही फारसं विचारत नाही.
खड्ड्यात पाच कातडी भिजत पडलीयत,
संध्याकाळच्या आत उलटायला हवीत,
नाहीतर सडतील.
फक्त एवढंच की
चौकटीवर ताणलेलं कातडं
मी आता सकाळच्या उन्हासमोर धरतो
आणि दोषांकडे बघत थोडा वेळ
नुसता उभा राहतो.